अंतेवासी

रायगड जिल्ह्यातल्या कर्जतहून कोंदिवड्याला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चढत कोंडाण्याची बौद्ध लेणी गाठायची. आप्पांचे गुडघे सत्तरीतले, म्हणून थांबत थांबत चाललो. लेण्यांची हौस माझी. ते आले ते मी म्हटलं म्हणून.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाचणारी जोडपी कोरली आहेत. मी ती बघत राहिलो. आप्पा शेजारच्या विहारात शिरले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. नजर थेट छताकडे.

"अरे, ही तर तुळई! आणि हे वासे!"

सगळं दगडातलं. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास इथं डोंगर पोखरणाऱ्या कारागिरांपुढे नमुना होता लाकडी इमारतींचा. कातळाच्या छताला आधार नको होता, तरी त्यांनी तुळया आणि वासे कोरले. मी हे पुस्तकात वाचलं होतं. आप्पांनी ते नुसती मान वर करून ओळखलं.

"ज्यानं कोरलं त्याला लाकूड येत होतं," ते म्हणाले.

मग त्यांना चैत्यगृहाच्या डाव्या अंगाला नेलं. तिथं एका भग्न यक्षमूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे. कण्हाचा अंतेवासी बलक यानं हे केलं, एवढाच मजकूर.

"अंतेवासी म्हणजे?"

"गुरूजवळ राहून शिकणारा."

आप्पा ओळीकडं बघत राहिले. "आधी गुरूचं नाव घातलंय. बरं केलं."

मी सतरा वर्षं त्यांच्याजवळ राहिलो. पडवीतल्या रंध्याच्या आवाजात अभ्यास केला, त्याच कामाच्या पैशांवर शिकलो, आणि पटाशी कधी हातात धरली नाही. त्यांनीही धरू दिली नाही. "तू शाळा शीक" म्हणायचे. याचा आम्हा दोघांनाही अभिमान होता. आता त्यांचा हात थरथरतो. हत्यारं पेटीत पडून आहेत. माझ्या नावात त्यांचं नाव मधे येतं, पण ते जन्मानं मिळालेलं, शिकून नव्हे.

उतरताना एका सावलीत थांबलो. मी विचारलं, "आप्पा, दोन वाशांतलं अंतर कसं काढायचं?"

त्यांनी माझ्याकडं जरा रोखून पाहिलं. मग एक काटकी उचलली, गुडघे विसरून उकिडवे बसले आणि मातीत पहिली रेघ ओढली.