जुने इंजिन, नवे पेट्रोल

भोसरीला मामांच्या गॅरेजात एक जुनी एम. जी. टी. सी. आली आहे. १२५० सी.सी., दोन एस. यू. कार्बोरेटर! तिच्या काळी पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या सीटा राखी. भारतात ते २००० साली गेले. आता वीस टक्के इथेनॉल आले. एक भाग पेट्रोल जाळायला वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणून जुन्या सुईवर मिश्रण लीन होते, इंजिन तापते. मामा बारीक सुई घालतात, पेट्रोल वाढते. रबरी नळ्याही बदलतात.

मी मात्र पेचात! इथेनॉल उसापासूनही होते आणि माझी फी उसाच्या बिलातून जाते. गाडीची बाजू घ्यावी की शेताची? मामा म्हणाले, "अरे, पंप आपल्या हातात नाही. सुई आहे."

पदवीनंतरच्या दिवसांसाठी मी हे वाक्य जपून ठेवले आहे.