पिछाडीची यादी

तोफ निकामी झाली की तिला रंग लावून चौकात उभी करतात. रणगाडा, विमान, पाणबुडी यांनाही कुठेतरी चौथरा मिळतो आणि मुलांचे फोटो निघतात. लष्कराला दूध, गवत, पाणी, टपाल पुरवणारी शाखा बंद झाली की आदेशाचा कागद निघतो, फार तर एक छोटा कार्यक्रम होतो, जमीन दुसऱ्या खात्याकडे जाते. खालची यादी अशा गेलेल्या आणि जाऊ घातलेल्या गोष्टींची. ती पूर्ण नाही, आणि क्रमालाही अर्थ नाही.

मिलिटरी फार्म. पहिला १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबादला निघाला. छावणीतल्या पलटणींना स्वच्छ दूध मिळावे एवढाच हेतू होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशात असे १३० फार्म होते आणि त्यांत ३० हजार गुरे. होल्स्टीन फ्रीजियन आणि साहिवाल यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही जात तयार झाली ती याच गोठ्यांत, कृषी संशोधकांच्या मदतीने. नव्वदच्या दशकात लेह आणि कारगिललाही फार्म उभे राहिले. तिथल्या थंडीत गाय जगवणे हीच एक मोहीम. वर्षाला साडेतीन कोटी लिटर दूध आणि २५ हजार टन सुके गवत पुरवल्याची सरकारी नोंद आहे.

२०१६ साली, मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, निवृत्त लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. लढणारे किती आणि त्यांच्यामागे राबणारे किती, याचा हिशेब तिने मांडला. फार्म बंद करा, शांतता क्षेत्रातली लष्करी टपाल कार्यालये बंद करा, या तिच्या शिफारशी. ऑगस्ट २०१७ मध्ये ३९ फार्म बंद करण्याचा निर्णय झाला आणि ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत झेंडा उतरला. निर्णय चुकला असे मला वाटत नाही. पिशवीतले दूध आता सगळीकडे पोचते. लष्कराने गायी पाळण्याचे कारण उरले नव्हते. पिंपरीतल्या फार्मच्या भागात मात्र ‘डेअरी फार्म’ अजून पत्त्यात लिहितात.

खेचर. भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन २८ सप्टेंबरला पाळतो, कारण १८२७ साली त्या दिवशी मुंबई इलाख्यात देशी गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. पुढे तीच ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी झाली. पहाडी तोफखान्याची रीत अशी, की तोफ सुटी करायची, नळी एका खेचरावर, चाके दुसऱ्यावर, बाकीचे भाग आणखी काहींवर, आणि माथ्यावर पोचल्यावर जुळवायची. खेचर अडले तर तोफही अडली. खेचर हाकणारा मात्र गोलंदाजाच्या खालचा समजला जाई.

डिसेंबर १९३९ मध्ये मुंबई बंदरातून खेचरांच्या चार कंपन्या फ्रान्सला रवाना झाल्या. ब्रिटिश फौजेने आपली जनावरे मोडीत काढून ट्रक घेतले होते, आणि हिवाळ्यातल्या चिखलात ट्रकांचे काही चालेना. माणसे बहुतेक पंजाबी मुसलमान. पुढच्या मे महिन्यात त्यांना डंकर्कच्या बाजूला माघार घ्यावी लागली. जनावरे तिथेच सोडून माणसे इंग्लंडला पोचली. एक कंपनी जर्मनांच्या हाती लागली. डंकर्कवर २०१७ साली आलेल्या गाजलेल्या चित्रपटात हे लोक कुठेच नाहीत.

नाव राहिले आहे ते एकाच खेचरीचे. पेडोंगी. १९७१ च्या युद्धात ती पाकिस्तानी सैनिकांच्या हाती लागली आणि पाठीवरच्या बोज्यासह आपली वाट शोधत परत आली. १९९२ साली दिल्लीत तिच्या पाठीवर निळी मखमली झूल घातली गेली. १९९८ साली ती गेली. आता उंचावरच्या चौक्यांकडे सामान न्यायला ड्रोन आणि चारचाकी गाड्या येताहेत, आणि खेचरांची संख्या कमी करायची असे ठरले आहे. बर्फाच्या वादळात ड्रोन उडत नाही, हे खेचरवाले सांगतातच. त्यांचे कोण ऐकणार?

भिस्ती. धोबी. लंगरी. न्हावी. मोची. मेहतर. इंग्रजी कागदांत हे सगळे ‘फॉलोअर्स’. मराठ्यांच्या फौजेत यांना बुणगे म्हणत, आणि तो शब्द आपण अजून शिवीसारखा वापरतो. पानिपताच्या पराभवाचे खापरही निम्मे यांच्याच डोक्यावर फुटले आहे. पखाल घेऊन गोळीबारात पाणी पाजत फिरणारा भिस्ती लढणाऱ्यांत मोजला जात नसे. पगार कमी, मानही कमी. नळ, टँकर आणि प्लास्टिकच्या बाटल्या आल्यावर भिस्ती संपला. धोबी आणि न्हावी अजून आहेत, ‘ट्रेड्समन’ म्हणून भरती होतात.

पुणे डिव्हिजन. पूर्ण नाव ६ वी (पूना) डिव्हिजन. पहिल्या महायुद्धात ती मेसोपोटेमियात उतरली, बगदादच्या दिशेने भराभर सरकली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिसच्या वळणावरच्या कूत गावात अडकली. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापली गेली. अनेक देशी सैनिकांनी ते मांस नाकारले. मग स्कर्व्हीने माणसे झिजू लागली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. सुमारे १३ हजार माणसे कैद झाली, आणि कैद्यांपैकी पुष्कळ जण वाळवंटातल्या पायपिटीत व छावण्यांत मेले. पुण्याचे नाव लावणारी डिव्हिजन तिथे संपली. पुण्यात हे किती जणांना ठाऊक आहे, ते एखाद्या कट्ट्यावर विचारून पाहावे.

त्या मोहिमेत मेलेल्यांचे स्मारक बसऱ्यात आहे. गोऱ्यांची नावे कोरली. देशी अधिकाऱ्यांचीही कोरली. देशी शिपायांचे काय? पलटणीचे नाव आणि खाली मेलेल्यांचा आकडा. युद्धकबरींची देखरेख करणाऱ्या आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. १९९७ साली सद्दाम हुसेनने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवले.

१११ महार्स. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सुरुवातीपासून होते. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती थांबली. ‘लढवय्या जाती’ ठरवण्याचे खूळ तेव्हा जोरात होते. माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा, १९१७ साली, १११ वी पलटण उभी केली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, ती टिकली. १९४६ साली तिला मशीनगनवाली पलटण केले, म्हणून बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आडव्या-तिडव्या आल्या. पाण्याने थंड होणारी ती गन लष्करातून केव्हाच गेली. बिल्ल्यावर मात्र आहे. त्याच बिल्ल्यावर पूर्वी भीमा कोरेगावचा विजयस्तंभही होता. तो काढून तिथे खंजीर आला.

लष्करी शाळा. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्या पलटणीतल्या शाळा. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांनी अशा शाळेत चौदा वर्षे हेडमास्तरकी केली. महारांच्या भरतीबंदीने नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत, ही दारेही मिटली. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या शाळांना दोन ओळींपलीकडे जागा मिळालेली मला आढळली नाही.

लष्करी टपाल. १८५६ साली मुंबईहून इराणवर निघालेल्या मोहिमेबरोबर पहिले फील्ड पोस्ट ऑफिस गेले. पुढे ‘केअर ऑफ ५६ एपीओ’ हा पत्ता सातारा-सांगलीच्या गावांत आयांना पाठ झाला. मुलगा कुठे आहे ते त्यावरून कळत नसे, पण पत्र पोचे. आता मोबाइलला रेंज असली की घरचे तोंडच दिसते. टपाल सेवा चालू आहे. पार्सले आणि सरकारी कागद जातात. पत्र जवळजवळ गेले.

तार. जुलै २०१३ मध्ये बंद. शेवटच्या काळात तिची जी मोजकी गिऱ्हाइके उरली होती, त्यांत जवान होते. रजा वाढवून हवी असली तर तार हा पुरावा धरला जाई. ‘आई सीरियस’ या दोन शब्दांवर गावाकडच्या किती आया कितीदा आजारी पडल्या असतील!

कोल्हापूरच्या राजाराम रायफल्स. संस्थान गेले, पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत मिसळली.

बॉम्बे पायोनियर्स. रस्ते खणणारे आणि वेळ आली की लढणारे. १९३३ पर्यंत सगळे मोडीत.

विमेन्स ऑक्झिलरी कोअर. १९४२ साली निघाली. कारकुनी, टेलिफोन, गाडी चालवणे अशी कामे. युद्ध संपल्यावर विसर्जित. वैद्यकीय शाखा वगळता स्त्रियांना लष्करात अधिकारी व्हायला पुढे १९९२ साल उजाडावे लागले.

रेल्वेची प्रादेशिक सेना. युद्धात आणि संपात गाड्या चालू ठेवायच्या, म्हणून रेल्वे कर्मचाऱ्यांनाच गणवेश दिला होता. १९७४ च्या संपात यांनी गाड्या हाकल्या, त्यामुळे संपवाल्यांच्या घरी यांचे नाव चांगले निघत नसे. सहा रेजिमेंटपैकी पाच अलीकडेच मोडल्या.

ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड. १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित, ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्यांतले दहा महाराष्ट्रात: खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चांदा, अंबाझरी; यांत खडकी आणि अंबरनाथला दोन-दोन. कारखाना तोच, भोंगा तोच, पगाराच्या चिठ्ठीवर कंपनीचे नाव.

कॅन्टोन्मेंट. २०२३ साली हिमाचलातल्या योलपासून मोडायला सुरुवात झाली. पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी रांगेत आहेत.

वाचकांना एक विनंती. घरातल्या ट्रंकेत कुणाचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद किंवा फील्ड पोस्टाचा शिक्का असलेले पत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. फोटो काढा, मागे गाव आणि नाव लिहा. त्यावर हुद्दा शिपाई नसून भिस्ती, लंगरी किंवा खेचर हाकणारा असा असेल तर आधी तो कागद जपा. शिपायांची नोंद कुठेतरी सापडते, यांची क्वचितच.