घड्याळांच्या गांवीं

आमच्याकडील मध्यम स्थितींतल्या कुटुंबांत घड्याळाच्या तबकडीवर, सहाच्या आंकड्याखालीं, बारीक अक्षरांत लिहिलेल्या ‘स्विस’ या एका शब्दास जो मान मिळत आला आहे, तो फारच थोड्या शब्दांच्या वांट्यास आला असेल. फेवर ल्यूबाचा व्यापार १८६५ पासून हिंदुस्थानांत सुरू झाला. वेस्ट एंड कंपनीचीं घड्याळें मुंबईच्या पेढीवरून दूरदूरच्या गांवीं पोंचलीं. मुंजींत किंवा लग्नांत मिळालेलें असें घड्याळ पुढें मुलाच्या मनगटावर जाई. त्यामुळें तो शब्द दिसला कीं पुढील चौकशीची गरज नाहीं, अशी समजूत घरोघर रुजली. ही समजूत गिऱ्हाइकाच्या हिताची आहे काय, याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत स्वित्झर्लंडच्या प्रवासांत आला.

थोरल्या बंधूंनीं निघतांना एक काम सांगितलें होतें. पुतणी पदवी घेऊन नोकरीस लागणार होती. तिला ‘खरें स्विस’ घड्याळ द्यावयाचें, आणि त्यासाठीं पंचवीस हजार रुपये बाजूस काढलेले. निवृत्तिवेतनांतून महिन्यामहिन्यानें सांठविलेली ती रक्कम जपून खर्च करणें आम्हांस भाग होतें. म्हणून झगमगीत दुकानांत शिरण्यापूर्वीं, जेथें घड्याळें तयार होतात तो प्रांतच आधीं पाहावा असें आम्हीं ठरविलें.

नशातेलच्या सरोवराकांठून निघालेली आगगाडी ज्यूरा पर्वत चढूं लागते. वाटेंत शांब्रेलियें स्थानकावर ती दिशा पालटते, आणि जो डबा शेवटीं होता तोच पुढें होऊन चढ चढतो. वर सुमारें हजार मीटर उंचीवर, म्हणजे माथेरानाहून उंच पण महाबळेश्वराहून ठेंगणें, असें ला शो-द-फों हें शहर आहे. १७९४ सालच्या आगींत जुनें गांव जळालें, आणि नवें गांव सरळ, समांतर ओळींत वसविण्यांत आलें. आमच्या पेठांचीं वळणें अंगवळणीं पडलेल्यांस तें रेघा आंखलेल्या वहीसारखें भासतें. घरांच्या दोन ओळींत मोकळी जागा राखल्यामुळें खिडक्यांतून भरपूर उजेड येतो, आणि खिडकीपाशीं कारागिराचें मेज. शेजारच्या ल लोक्लसह या शहरास २००९ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला, तो घड्याळांच्या धंद्यास अनुसरून केलेल्या या नगररचनेमुळें.

येथील जमीन नापीक, हिंवाळा लांब. बर्फानें कोंडलेले शेतकरी घरीं बसून घड्याळाचे भाग करूं लागले. एका घरीं चाकें, दुसऱ्या घरीं कांटे, तिसऱ्या घरीं तबकड्या, अशी कामाची वांटणी इतकी वाढली कीं कार्ल मार्क्सनें आपल्या ‘कॅपिटल’ ग्रंथांत या सबंध शहरास एकाच कारखान्याची उपमा दिली. ग्रंथाचा पहिला खंड निघाला १८६७ सालीं. आणि योगायोग असा कीं त्याच वर्षीं याच गांवांत गरिबांच्या घड्याळाचा उदय झाला.

त्याचा जनक जॉर्ज फ्रेडरिक रोस्कोफ. वीस फ्रँकांत मजुराला परवडेल असें विश्वासू घड्याळ द्यावयाचें, हा त्याचा ध्यास. चांदीची केस त्यानें सोडली. मधलें मोठें चाक गाळलें. जेथें माणकें बसवीत तेथें पोलादी टांचण्या बसविल्या. साधारण घड्याळांत दीडशेंहून अधिक भाग असत, त्याचें काम सत्तावन भागांत झालें. गांवच्या कारागिरांनीं नाकें मुरडलीं. पण १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्या घड्याळास कांस्यपदक मिळालें. रोस्कोफनें शोभेत काटकसर केली, चालीत केली नाहीं. पुढें त्याच्या नांवाचा शिक्का मारून हलक्या नकला बाजारांत आल्या, तेव्हां शिक्का तोच राहिला आणि आंतला माल बदलला. स्वस्त घड्याळाची पारख करणाऱ्यास याहून चांगला धडा मिळणार नाहीं.

आतां आजच्या शिक्क्याकडे वळूं. ‘स्विस मेड’ कोणास म्हणावें हें तेथील सरकारनें १९७१ सालीं ठरविलें आणि २०१७ च्या आरंभापासून नियम अधिक कडक केला. आंतलें यंत्र स्विस असावें, तें केसमध्यें तेथेंच बसवावें, शेवटची तपासणी तेथेंच व्हावी, आणि उत्पादनाचा निदान ६० टक्के खर्च त्या देशांत झालेला असावा, हा त्याचा आशय. नुसतें ‘स्विस’ लिहिलें तरी अर्थ तोच. पण ‘स्विस मूव्हमेंट’ असें असल्यास केवळ यंत्रापुरताच तो शब्द खरा मानावा. हा नियम खर्चाचा हिशेब मागतो. उरलेल्या ४० टक्क्यांत केस, तबकडी, पट्टा हे परदेशांतून, पुष्कळदां चीनमधून, येऊं शकतात. शिवाय स्विस मजुरी महाग असल्यानें तेथें केलेलें थोडें कामही हिशेबांत जड भरतें. शिक्का खोटा नाहीं. तो जन्माचा दाखला आहे, त्यालाच आपण गुणपत्रिका समजतों इतकेंच.

गुणांची परीक्षा निराळी, आणि ती घेणाऱ्या संस्थेचें ठाणेंही याच गांवीं आहे. ती यांत्रिक घड्याळाचें यंत्र पंधरा दिवस, पांच स्थितींत व तीन तपमानांत ठेवून पाहते; रोजची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत राहिली तरच ‘क्रोनोमीटर’ हें नांव मिळतें. स्वस्त घड्याळें सहसा या परीक्षेस बसतच नाहींत. उलट सेलवर चालणारें साधें क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकांठीं पंधराएक सेकंदच चुकतें. अचूकपणाच हवा असल्यास चावीच्या घड्याळास अधिक पैसे मोजणें व्यर्थ आहे; त्याची गोडी वेगळी.

पुढें बीएल शहरीं एका लहान दुकानाच्या वृद्ध मालकीणबाईंनीं आमच्यापुढें दोन क्वार्ट्झ घड्याळें ठेवलीं. एकाची किंमत १९० फ्रँक, दुसऱ्याची ४२०. मागचीं झांकणें उघडून त्यांनीं दाखविलें तों दोहोंत एकाच कारखान्याचें एकच यंत्र! अधिकचे पैसे नांवाचे आणि जाहिरातीचे. मग त्यांनीं आम्हांस पाहण्याचा क्रम सांगितला. यंत्राचें नांव व प्रत विचारावी. दुकानदार सांगूं शकत नसेल तर दुसरें दुकान गांठावें. केस सबंध पोलादाची कीं हलक्या धातूवर मुलामा दिलेली, हें पाहावें. कांच नीलमण्याची असल्यास वर्षानुवर्षें चरा पडत नाहीं. साधी कांच लौकर ओरखडते. सेकंदकांटा खुणांवर नीट पडतो का, हें भिंगानें पाहावें. ‘३० मीटर’ म्हणजे हात धुतांना उडालेलें पाणी. पोहण्यास तें घालूं नये. आमच्याकडे ‘किती ज्युएलचें?’ हा प्रश्न हटकून निघतो. त्यावर बाई हंसल्या. चावीच्या साध्या घड्याळास सतरा माणकें पुरतात. त्याहून अधिक माणकें एके काळीं केवळ जाहिरातीसाठीं भरीत. आणि अखेरचा प्रश्न असा, कीं दहा वर्षांनीं आपल्या गांवचा घड्याळजी तें उघडून दुरुस्त करूं शकेल काय? १९८३ सालीं निघालेलें ५१ भागांचें प्लॅस्टिकचें स्वॉच दुरुस्तीसाठीं उघडतां येत नसे. पण त्याची किंमतच तसें सांगत होती. महाग घेऊन तीच अडचण आली तर मात्र फसगत.

आम्हीं १९० फ्रँकांचेंच घेतलें: पोलादी केस, नीलमण्याची कांच, सेल बदलतां येणारें यंत्र. बंधूंच्या रकमेंतून कांहीं पैसे उरले, ते पुतणीच्या हातीं पुढील दुरुस्तीसाठीं दिले. याच किमतींत किंवा कमी किमतींत जपानी आणि आपलींही घड्याळें तितकीच अचूक वेळ दाखवितात, हेंही तिला सांगितलें. कारण देणगीच्या मोलाविषयीं भ्रम असूं नये. स्वस्त वस्तूंत काटकसर असतेच. ती बनविणाऱ्यानें कोठें केली, एवढें शोधून पाहणें आपलें काम आहे.