किआंतीतील अर्धेलीचे घर

फ्लॉरेन्स सोडून सिएनाच्या वाटेस लागले की किआंतीच्या टेकड्या सुरू होतात. तेथील एका जुन्या दगडी घरी आम्हां बाराजणांची पंगत बसली. प्रथम आला तो अळणी पाव. या प्रांतात पावात मीठ घालीतच नाहीत. वर ऑलिव्हच्या तेलाची धार पडली आणि आमची तक्रार मिटली. मद्याचा पेला निम्म्या मंडळींनी नुसता हुंगून ठेविला. या मद्यप्रदेशाची सीमा १७१६ साली तिसऱ्या कोझिमोने आखून दिली, एवढे सांगून तो विषय पुरा करितो.

मन रमले ते घरात. खाली गोठा, वर बिऱ्हाड. येथे अर्धेलीने शेती करणारे मोठे एकत्र कुटुंब नांदे. शेतावर वडीलधाऱ्याचा शब्द, चुलीपाशी थोरल्या बाईचा. पण निम्मे पीक मालकाचे, आणि मुलाच्या लग्नालाही पुष्कळदा त्याचीच संमती लागे! १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. तरुण मंडळी तत्पूर्वीच कारखान्यांकडे निघाली होती. घरे ओस पडली. अशाच कित्येक घरांत आता आमच्यासारखे पाहुणे पैसे मोजून जेवतात.

शेवटी ‘रिबोल्लिता’ आली. शिळा पाव, पांढरा घेवडा आणि काळपट कोबी यांची पुन्हा उकळलेली ही आमटी म्हणजे त्या कुळांचे रोजचे अन्न. आम्ही ती दोनदा मागून घेतली.