अर्ध्याचा हिशेब

पायथन 2 या संगणकभाषेत सात या पूर्णांकास दोनाने भागले की उत्तर तीन येई, तेही कसलीच सूचना न देता. 2008 साली आलेल्या पायथन 3 मध्ये ते साडेतीन येते. पांढरकवड्यात कापसाच्या हिशेबांत वाढलेल्या मला या अर्ध्याची किंमत कळते. म्हणूनच लिनक्सच्या डेबियन वितरणातील स्वयंसेवकांचा धीर मोलाचा वाटतो. हजारो पॅकेजे एकमेकांवर विसंबलेली. एक घाईने बदलावे तर दहा अडतात. त्यांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी नांदू दिल्या. (1957 साली नवे पैसे आले, तेव्हा आणेही काही काळ गल्ल्यात होतेच.) एकेक पॅकेज पारखून नव्या आवृत्तीवर आणले, ज्यांना वाली उरला नाही, ती वगळली. पायथन 2 ची अधिकृत देखभाल 2020 च्या आरंभी संपली. डेबियनने त्याला पूर्ण निरोप दिला तो 2023 मध्ये.