हेरांच्या यादीचा हिशेब कोण मागणार?

लंडनमध्ये पत्रकारिता शिकणारे एक नागपूरकर १९३७ साली ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन स्पेनच्या यादवीत उतरले. ते गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात तुरुंगवास भोगलेले. बंडखोर सेनापती फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या ब्रिटिश तुकडीत ते सामील झाले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले आणि काही महिने फ्रँकोच्या छावणीत कैदेत राहिले.

परदेशी लढायला जाणाऱ्यांवर ब्रिटनमध्ये १८७० पासून कायदा होता. सरकारनं जानेवारी १९३७ मध्ये त्याची आठवण करून दिली, पण स्पेनला गेलेल्या एकावरही खटला भरला नाही. एमआय-५ या गुप्तचर संस्थेनं मात्र निघालेल्यांची यादी केली. सुमारे चार हजार नावांची ही यादी लोकांसमोर आली २०११ मध्ये. १९८९ पर्यंत तर एमआय-५ साठी कायदाच नव्हता, त्यामुळे संसदेला या यादीचा हिशेब द्यायला कोणी बांधील नव्हतं.

हुद्दारांची आणि इसिसमध्ये गेलेल्यांची बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण सरकारपुढचा पेच जुनाच आहे : कोण गेलं, कोण परत येतंय आणि त्यांचं करायचं काय? दहशतवादविरोधी कायदा शिकवताना मी दरवर्षी इथूनच सुरुवात करतो.

ब्रिटिश सरकारच्या २०१८ च्या धोरणपत्रानुसार सुमारे ९०० जण सीरियातल्या लढाईकडे गेले. त्यांतले साधारण २० टक्के मारले गेले, ४० टक्के परतले. फेब्रुवारी २०१५ च्या कायद्यानं विमानतळावर संशयिताचा पासपोर्ट १४ दिवस, आणि न्यायालयाच्या परवानगीनं ३० दिवसांपर्यंत ठेवून घेता येतो. परतणाऱ्या नागरिकाला दोन वर्षांपर्यंत सरकारी अटींवरच देशात येऊ देता येतं. गुन्हा सिद्ध होण्याआधी वापरायचे हे अधिकार आहेत. म्हणूनच त्यांच्यावर नजर हवी.

ती नजर कायद्यानंच बांधून दिली आहे. २००६ च्या दहशतवाद कायद्यानुसार एक स्वतंत्र समीक्षक दरवर्षी आढावा घेतो. डेव्हिड अँडरसन, मॅक्स हिल, जोनाथन हॉल हे सगळे बॅरिस्टर. सरकारी नोकर कोणीच नाही. त्यांना गोपनीय कागद पाहता येतात आणि त्यांचा अहवाल मंत्र्याला संसदेपुढे ठेवावाच लागतो. गुप्तचर संस्थांसाठी संसदेची वेगळी समितीही आहे. तिच्या अहवालातला मजकूर पंतप्रधान वगळू शकतात, पण काही वगळलं आहे हे अहवालातच नोंदवावं लागतं. छापील पानावर त्या जागी चांदण्या दिसतात. झाकलेलं नेमकं कुठे आहे, एवढं तरी वाचकाला कळतं.

व्यवस्थेत भोकं आहेतच. ऑगस्ट २०१५ मध्ये सीरियातल्या रक्कामध्ये रियाद खान हा ब्रिटिश नागरिक ब्रिटिश ड्रोनहल्ल्यात मारला गेला. या समितीनं चौकशी केली, तेव्हा मंत्र्यांपुढे ठेवलेले महत्त्वाचे कागद तिला मिळालेच नाहीत. २०१७ च्या अहवालात तिनं ते स्पष्ट लिहिलं. नागरिकत्व काढून घेण्याचं तर त्याहून गंभीर. २०१६ मध्ये असे आदेश १४ होते, २०१७ मध्ये १०४ झाले. २०१४ च्या दुरुस्तीनं, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळू शकेल असं मंत्र्याला सकारण वाटलं, तर दुसरं नागरिकत्व नसलेल्या देशीकृत माणसाचंही ब्रिटिश नागरिकत्व काढता येतं. भारतीय पासपोर्ट सोडून ब्रिटिश झालेल्या मराठी घरांनी हे कलम वाचायला हवं. इसिसमध्ये गेल्यानं ब्रिटिश नागरिकत्व गमावलेल्या शमीमा बेगमच्या खटल्यापुरता हा विषय नाही.

आणि भारतात? मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इसिससाठी इराककडे गेले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. पण आपला इंटेलिजन्स ब्युरो १८८७ पासून चालत आला आहे आणि त्याचे अधिकार ठरवणारा कायदा संसदेनं केलेला नाही. खासदार मनीष तिवारी यांनी त्यासाठी २०११ मध्ये खासगी विधेयक आणलं, ते पुढे गेलं नाही. गुप्तता आणि उत्तरदायित्व एकत्र नांदू शकतात, हे ब्रिटनच्या अपुऱ्या व्यवस्थेनंही दाखवलं आहे. आपल्या गुप्तचर संस्थांनी संसदेला दरवर्षी हिशेब द्यावा, अशी मागणी आपल्या खासदारांकडे करा. गुप्तचर संस्था आपल्या नावानं आणि आपल्या पैशानं चालतात, तेव्हा हा हिशेब मागणं आपलं कर्तव्य आहे.