आपल्या वाट्याचे कागद

'देवावर हवाला ठेवा' हे वाक्य कानावर पडले, की मी आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. बहुधा ज्याचे काही बुडालेले नसते, तोच हे वाक्य बोलत असतो. त्यातून त्याला चहाही लवकर उरकायचा असतो. ज्याचे बुडाले आहे तो मान हलवतो, कारण अशा वेळी मान हलवण्यापलीकडे दुसरे काही करता येत नाही.

या वाक्याचा अर्थ विचारायचाच, तर ज्याचे सर्वस्व गेले होते अशा माणसाला विचारावा. असा एक माणूस माझ्या आत्याचा शेजारी होता. आत्या मावळातल्या आंबीची. तळेगावकडून येऊन इंद्रायणी ओलांडली की आंबी, आणि त्याच नदीच्या काठाने खाली गेले की देहू. एवढ्याच अर्थाने शेजारी. मध्ये पावणेचारशे वर्षे आहेत, ती वाचकांनी सोडून द्यावीत.

तुकोबांना आपण चित्रांतून ओळखतो. हातात वीणा, डोळे मिटलेले. पण हा माणूस मुळात दुकानदार होता, घरात महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमारास पावसाने दगा दिला आणि गुजरातेपासून दख्खनेपर्यंत भयंकर दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी त्या साली सुरतेहून बुऱ्हाणपूरच्या वाटेने आग्ऱ्याला निघाला होता. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. ते वाचून जेवायला बसवत नाही. तोच दुष्काळ देहूतही होता. तुकोबांची पहिली बायको अन्नाअन्न करीत गेली, मुलगा गेला, दुकानाचे दिवाळे निघाले.

यानंतर त्यांनी जे केले, त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घरात लोकांच्या कर्जाची खते होती. ती इंद्रायणीत बुडवायची त्यांनी ठरवले. पण धाकटा भाऊ कान्होबा याचा त्यात हिस्सा होता. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबाचे कागद कान्होबाला मिळाले, आणि तुकोबांनी बुडवले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे. परंपरेने ही गोष्ट चरित्रात जपून ठेवली आहे, आणि कीर्तनकार ती एका वाक्यात उरकून पुढच्या चमत्काराकडे वळतात. मला मात्र तिथून पुढे जाववत नाही. देवाच्या भरवशावर सोडायचे ते आपले. भावाचे सोडण्याचा अधिकार कोणी दिला?

पुढे अभंगांच्या वह्याच नदीत बुडवायची पाळी आली, तेव्हाही हा माणूस 'देवाची मर्जी' म्हणून घरी जाऊन झोपला नाही. तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावरच्या शिळेवर बसून राहिला. आपल्याकडे धरणे धरीत असे तो सावकार. ऋणकोच्या दारात उपाशी बसून तो आपले येणे वसूल करी. ज्याने आपली खते बुडवली, तोच पुढे देवाच्या दारात धरणे धरून बसला! देवावर विश्वास नसता तर तो अशा दारात बसलाच नसता. दिवाळखोराच्या दारात कोणी धरणे धरीत नाही.

हे सगळे मला सुचले ते 2019 च्या दिवाळीत. त्या वर्षी ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटेना. मावळात तेव्हा भात कापणीला आलेले असते. आत्याचे भात इंद्रायणी जातीचे; वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून 1987 मध्ये बाहेर पडलेले, आंबेमोहराच्या वंशातले, शिजताना अर्ध्या आळीला कळवणारे. कापलेले भात दोन-तीन दिवस खाचरातच वाळू द्यावे लागते. नेमके त्याच दिवसांत ते भिजले. उभे होते ते आडवे झाले. लोंबीतल्या दाण्याला जागच्या जागी कोंब फुटले. शेतकऱ्याने जून महिन्यात ज्या कोंबासाठी आभाळाकडे पाहायचे, तोच कोंब दिवाळीत पाहून त्याच्या पोटात गोळा येतो.

भाऊबीजेला वडिलांबरोबर मी आंबीला गेलो, तेव्हा आत्या देवघरापुढे उभी होती. मला वाटले, प्रार्थना चालली असेल. जवळ गेलो तर ऐकू आले, "कमरेवर हात ठेवून बघत काय ऱ्हायलास? भात काय माझं एकटीचं व्हतं?" आणि असे बरेच. मधूनच तिने समईची वात पुढे सारली आणि पुन्हा भांडू लागली.

वडील शहरात राहिलेले. ते म्हणाले, "अगं, आता देवावर सोड."

"माझं कवाच सोडलं, दादा," ती म्हणाली. "पण कापणीच्या बायांचं कसं सोडू? त्यांनी कापलं ते कापलंच की. त्यांची मजुरी काय माझी हाय, देवावर सोडायला?"

पाच बाया होत्या. चौघींचे पैसे तिने पाडव्याआधीच डब्यातून काढून दिले होते. एकीचे राहिले होते. ओवाळून झाल्यावर वडिलांनी ताटात पाकीट ठेवले. ते तिने आमच्यासमोरच उघडले, नोटा मोजल्या आणि नातवाला हाक मारून त्या बाईच्या घरी धाडल्या. वडिलांना ते थोडे लागले असावे. पण ते काही बोलले नाहीत. करंजी मात्र त्यांनी दोनदा मागून घेतली.

मग आत्याने डोक्यावर पोत्याची खोळ घेतली, कोपऱ्यातले फावडे उचलले आणि म्हणाली, "तुम्ही बसा. मी बांध फोडून येते." खाचरात अजून घोटाभर पाणी होते.